सकाळी गार असताना डेस्कटॉप चालू होत नाही : दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी

मशीन बहिणीचं आहे, ती त्यावर व्हिडिओ एडिटिंग करते. तक्रार अशी की सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, एक-दोन सेकंदात सगळं बंद, मग आपोआप परत फिरतात, परत बंद, असं चालूच राहतं. स्क्रीनवर काहीही नाही, लोगोसुद्धा येत नाही. थोडा वेळ असंच झाल्यावर कधीतरी एकदम नीट चालू होतं, आणि एकदा चालू झालं की दिवसभर बघायला नको, रेंडर लावा, गेम लावा, हवं तेवढं रिस्टार्ट करा, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. आधी क्वचित व्हायचं, आता रोजचं झालंय.

आत काय काय आहे ते लिहून ठेवतो. डीडीआर४ चा मदरबोर्ड, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे पण वर वेगळं ग्राफिक्स कार्डही आहे, ८ जीबीच्या दोन रॅम, विंडोज एसएसडीवर, फुटेजसाठी एक हार्ड डिस्क. एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरच्या विजेतून आतल्या भागांना लागणारे कमी व्होल्टेज देणारा पॉवर सप्लायचा डबा, ५०० वॅटचा, मशीन घेतल्यापासून तोच. रात्री काम झालं की भिंतीवरचं बटण बंद.

आज चालू झाल्याझाल्या पहिलं काम केलं ते बॅकअपचं. सगळं फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. तुमचं मशीन असं करत असेल तर पेचकस हातात घ्यायच्या आधी हेच करा, कारण पुढच्या वेळी चालू होईल याची खात्री नसते, आणि चालू-बंदच्या या झटक्यांनी डिस्कचं काही भलं होत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रामात एसएसडीचा अनसेफ शटडाऊनचा (नीट बंद न होता वीज गेल्याचा) आकडा बघितला, बराच फुगलेला आहे. डिस्क मात्र ठीक दाखवतेय.

विंडोज परत टाक असं दोघातिघांनी सांगितलं. ते करणार नाही. लोगो यायच्या आधीच वीज जातेय म्हणजे तोपर्यंत विंडोजला कुणी हाकही मारलेली नसते. तरी विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडून कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदी बघितल्या. विंडोज नीट बंद न होता वीज गेली की पुढच्या वेळी ती नोंद पडते. दिवसा काम चालू असतानाची एकही नोंद नाही. म्हणजे चालू असताना मशीन मरत नाही, फक्त उठताना अडतं. ही माहिती फुकट मिळते, आधी बघून घ्या.

७ जानेवारी

बोर्डावर चार छोटे एलईडी आहेत, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. मशीन उठताना ज्या टप्प्यावर असतं तो एलईडी लागतो. आज कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून बघितलं. सीपीयूचा लागला, लगेच डीरॅमचा लागला, आणि तिथेच सगळं काळं. परत तेच. डीरॅमच्या पुढे गाडी जातच नाही.

साहजिकच रॅमकडे वळलो. दोन्ही काढल्या, सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. खोडरबराने घासायची पद्धत आहे पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि मुलामाही झिजतो, म्हणून मी टाळतो. एकच रॅम लावायची असेल तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात, बोर्डावर ए२ लिहिलेलं असतं, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. एक लावली, चालू झालं. ती काढून दुसरी लावली, चालू झालं. दोन्ही लावल्या, चालू झालं. आता कशीही लावली तरी चालू होतंय. बहिणीला सांगितलं, संपर्क खराब होता, झालं काम.

८ जानेवारी

नाही झालं. सकाळी तेच.

एकच रॅम ठेवली, लूप, म्हणजे तेच आपोआप चालू-बंद. ती काढून दुसरी ठेवली, आधी लूप आणि मग चालू. दोन्ही रॅम एकाच वेळी खराब होणं अवघड आहे, पण रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल (रॅम वाढीव स्पीडवर चालवणारं सेटिंग) चालू होता आणि काही बोर्ड रॅमचं सेटिंग जमलं नाही की स्वतःच बंद-चालू होऊन परत प्रयत्न करतात, थोड्या वेळाने साध्या स्पीडवर येतात. लक्षण हुबेहूब असंच दिसतं. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांत, जाऊन एक्सएमपी बंद केला, रॅम साध्या स्पीडवर आणली. रात्री मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून लावून ठेवला.

९ जानेवारी

मेमटेस्टमध्ये एकही एरर नाही. पण रात्रभर मशीन चालूच राहिलं, त्यामुळे सकाळी ते चांगलं गरम होतं, आणि एक्सएमपी बंद केल्याचा उपयोग झाला की नाही हे तपासायची सकाळ हातची गेली.

इथे थांबून नीट विचार केला. बिघाड फक्त रात्रभर बंद राहिलेल्या मशीनमध्ये दिसतो. म्हणजे दिवसातून एकदाच, सकाळी, तो आपल्यासमोर येतो. त्यानंतर मी दिवसभर जे काही बदलीन त्याने ‘बरं’ होणारच आहे, कारण मशीन तापलेलं आहे. ७ तारखेला रॅम पुसल्यावर जे झालं ते हेच, रॅम पुसली म्हणून चालू झालं नाही, तोवर बोर्डात वीज खेळून गेली म्हणून झालं. रॅम पुसून, केबल दाबून, सेल बदलून कॉम्प्युटर ‘दुरुस्त’ होतो आणि दोन दिवसांनी परत येतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच असणार असं मला आता वाटतं.

म्हणून यापुढे असं ठरवलं. बदल रात्री करायचा आणि एका रात्री एकच. तपासणी सकाळी. आणि सकाळी चालू झालं नाही तर लगेच परत परत बटण दाबायचं नाही, कारण दर वेळी दाबताना आतले भाग थोडे तापतात आणि बिघाड हातातून निसटतो. त्या बंद अवस्थेत जेवढं बघता येईल, मोजता येईल तेवढं आधी बघून घ्यायचं. बहिणीलाही सांगितलं, सकाळी मी येईपर्यंत हात लावू नकोस. तिला पटलं नाही पण ऐकलं.

१० जानेवारी

एक्सएमपी बंद, मशीन गार, लूप कायम. रॅमचा विषय बंद केला.

रात्री सीमॉस क्लिअर केला, म्हणजे बायोसची सगळी सेटिंग पुसून डिफॉल्टवर आणली. त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. हे कराच. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा, बायोसमध्ये ढवळाढवळ झाली की ती मागितली जाऊ शकते.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून मोजला, २.६ व्होल्ट. नवा साधारण ३ च्या वर दाखवतो. बहिणीने तारीख अधूनमधून मागे जाते असं मागे एकदा सांगितलं होतं, त्याचं कारण सापडलं. नवा सेल टाकला.

११ जानेवारी

नवा सेल, कोरा बायोस, आणि लूप जशास तसा. उठल्यावर तारीख मात्र बरोबर राहिली, म्हणजे सेल खरंच संपला होता पण तो वेगळा आजार. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हटलं की सेल बदला हा सल्ला हमखास मिळतो. सेल घड्याळ आणि सेटिंग सांभाळतो, तो उतरला की बहुतेक वेळा तारीख जाते आणि एफ१ दाबा असा मेसेज येतो, पण मेसेज येतो म्हणजे मशीन उठलेलं असतं.

आणि आज वेगळाच ताप झाला, मशीन चालू झालं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर जायला लागलं, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. क्लिअर केल्यामुळे साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते सेटिंग) डिफॉल्टवर गेला होता आणि विंडोज टाकलं तेव्हा तो वेगळा होता. फोटो काढलेले होते म्हणून कळलं, मोड परत पहिल्यासारखा केला आणि सुरळीत झालं. फोटो नसते तर मी एसएसडी गेली समजून कुठल्या कुठे भरकटलो असतो.

१२ जानेवारी

काल रात्री बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढला. यात वेळ जातो, घाई करू नका, पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी कुठे होत्या त्याचा आधी फोटो घ्या. बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, त्यातल्या काहींचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो. वर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम. ग्राफिक्स कार्ड नाही, डिस्क नाही, यूएसबीत काही नाही, मॉनिटर बोर्डाच्याच पोर्टला. एसएमपीएसची २४ पिनांची केबल आणि प्रोसेसरची ८ पिनांची. एवढंच आणि रात्रभर तसंच पडू दिलं.

कॅबिनेट रिकामं झालं तेव्हा आतले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) बोर्डाच्या भोकांशी एकेक करून ताडून बघितले, एखादा भलत्याच जागी असेल तर बोर्डाला खालून टेकून शॉर्ट करतो. सगळे जागेवर होते. पुढचं पॉवर बटणही मल्टिमीटरच्या बीपवर लावून बघितलं, दाबलं की वाजतं, सोडलं की थांबतं. बटण आत अडकून राहिलं तर बोर्डाला ते कुणीतरी दाबून धरल्यासारखं दिसतं आणि चार-एक सेकंदांनी मशीन बंद होतं, तेही इथे नाही.

सकाळी बोर्डावरच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं, ते बटण दाबल्यासारखंच. पंखा फिरला. थांबला. फिरला. थांबला.

मला या निकालाने बरं वाटलं. कॅबिनेट, बटण, ग्राफिक्स कार्ड, दोन्ही डिस्क, यूएसबी, सगळे एका फटक्यात सुटले. राहिले बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस. प्रोसेसर दिवसभर रेंडरला पुरून उरतो आणि फक्त सकाळी अडतो हे पटत नाही. बहिणीला काम होतं म्हणून संध्याकाळी सगळं परत कॅबिनेटमध्ये बसवलं.

१३ जानेवारी

सकाळी एका दमात चालू झालं! मी काय बदललं ते आठवत बसलो, बोर्ड परत बसवताना कुठली तरी पिन नीट बसली असेल, ८ पिनांची केबल आधी सैल असेल, असं बरंच काही. मग बहीण म्हणाली, “दादा, काल रात्री उशीर झाला, मी भिंतीवरचं बटण बंद केलंच नव्हतं.”

हे फार महत्त्वाचं निघालं. मशीन बंद असलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो, त्यातून ५ व्होल्टचा स्टँडबाय बोर्डाला सतत मिळत असतो. पॉवर बटणाचा इशारा ओळखणारं सर्किट त्यावरच चालतं. बटण बंद केलं की तोही गार पडतो.

१४ आणि १५ जानेवारी

मुद्दाम खेळ केला. १३ च्या रात्री भिंतीवरचं बटण चालू ठेवलं, १४ ला सकाळी लगेच सुरू. १४ च्या रात्री बंद केलं, १५ ला सकाळी लूप. बाकी कशालाही हात लावला नाही. आता संशय एसएमपीएसवर, आणि त्यातही स्टँडबायच्या भागावर.

एका मित्राने सुचवलं की मग बटण चालूच ठेवत जा, प्रश्न मिटला. तसं करून दिवस काढता येतील पण दुखणं वाढतच राहणार, आणि एखाद्या रात्री वीज गेली की सकाळी नेमकी गरज असताना मशीन उठणार नाही. शिवाय काही जुन्या स्वस्त डिझाइनमध्ये स्टँडबायचा कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज जाऊन बोर्ड जळतो. तेवढी जोखीम नको.

१६ जानेवारी

पेपरक्लिपची चाचणी केली. एसएमपीएस बोर्डापासून सोडवून २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि शेजारची काळी एका तारेने जोडायची, एसएमपीएस चालू होतो. झाला. पंखा फिरला. मोजलं, पिवळी १२.१, लाल ५.०, नारिंगी ३.३. सगळं उत्तम.

आणि याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. एक तर दुपार होती, दुसरं म्हणजे त्यावर काही भारच नव्हता. या चाचणीने साफ मेलेला एसएमपीएस कळतो, आजारी असलेला कळत नाही. रिकाम्या हाताने चालणारा माणूस पोतं उचलू शकतो का ते त्याला पोतं दिल्याशिवाय समजत नाही. ‘पेपरक्लिपने चालला म्हणजे एसएमपीएस चांगला’ असं धरून बोर्ड बदलायला निघू नका.

मागच्या जाळीतून टॉर्च मारून आत बघितलं. कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत, तपकिरी चिकट काही गळलेलं नाही. फुगलेला दिसला तर तो नक्की गेलेला असतो, पण सपाट डोक्याचाही आतून वाळलेला असू शकतो.

एसएमपीएस उघडला नाही आणि उघडणारही नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो. ‘दोन कपॅसिटर तर बदलायचेत’ असं सांगणारे भेटतील. ज्याला तो साठा सुरक्षित उतरवता येतो आणि तशा कामाची सवय आहे त्याने करावं, इतरांनी झाकणाच्या स्क्रूला हात लावू नये.

१७ जानेवारी

आज खरं मोजमाप. रात्री बटण बंद ठेवलं, कॅबिनेटची बाजू उघडी, मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्टवर तयार. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डात लावलेलाच ठेवायचा आणि मागून, म्हणजे जिथून वायरी आत जातात तिथून, टोक आत सारायचं. मल्टिमीटरचं जाड टोक पुरेसं आत जात नाही, मी त्याला एक बारीक टाचणी पकडवली आणि टाचणीवर टेप गुंडाळून फक्त अणी उघडी ठेवली, म्हणजे शेजारच्या पिनेला चुकून टेकायला नको. काळं टोक मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या (एसएमपीएसच्या चार पिनांच्या जुन्या कनेक्टरच्या) काळ्या वायरीत. हात थरथरत असेल तर थांबा, दोन पिना एकमेकींना टेकल्या तर चांगला बोर्डही जाईल.

कोणत्या वायरीत काय असायला हवं ते आधी लिहितो. जांभळी म्हणजे स्टँडबाय ५ व्होल्ट, भिंतीवरचं बटण लावलं की कायम. लाल ५, पिवळी १२, नारिंगी ३.३. या सगळ्यांना ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५ चे ४.७५ ते ५.२५, १२ चे ११.४ ते १२.६. करडी म्हणजे पॉवर गुड, बाकीचे व्होल्टेज स्थिर झाल्यावर एसएमपीएस या वायरीवर ५ व्होल्ट देतो आणि मग बोर्ड उठायला लागतो. ती खाली पडली की बोर्ड रीसेट. हिरवी बोर्डाच्या हातात, बोर्ड तिला खाली ओढतो तेव्हा एसएमपीएस चालू होतो. वायरी सगळ्या काळ्या असतील तर रंग नाही, पिन मोजाव्या लागतात, जांभळी ९, करडी ८, हिरवी १६.

भिंतीवरचं बटण लावलं, जांभळीवर ४.९६. जरा कमी पण चालेल. मग मशीनचं बटण दाबलं.

जांभळीचा आकडा ४.९६ वरून ४.४ वर आला, ४.२ दिसला, पंखे थांबले, आकडा हळूहळू ४.९ वर चढला, पंखे फिरले, परत ४.३. पंख्याच्या प्रत्येक फेरीबरोबर आकडा खाली-वर. माझं मीटर साधं आहे, सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतं, म्हणजे खरी बुडी याहून खोल असणार. लगेच टाचणी करडीत सरकवली, तिथे आकडा उठायचा आणि ठरायच्या आत शून्यावर. मिनिटभरात मशीन नीट चालू झालं आणि जांभळी परत मोजली तर ५.०२, हलत नाही.

जिथे ४.७५ च्या खाली कधीच जायला नको तिथे ४.२. डीरॅमच्या एलईडीचाही आता उलगडा झाला. बोर्ड नेमका त्या टप्प्यापर्यंत पोचायचा आणि खालून वीज निसटायची. एलईडी कुठे थांबलं ते सांगतो, का थांबलं ते सांगत नाही.

१८ जानेवारी

एक शंका उरली होती. स्टँडबाय खाली ओढणारा बोर्डही असू शकतो, एसएमपीएस बिचारा चांगला आणि बोर्डच जास्त ओढतोय असं. त्यासाठी सकाळी प्लग काढलेला असतानाच फक्त एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून हेअर ड्रायरची कोमट हवा काही मिनिटं सोडली, ड्रायर लांब धरून, प्लॅस्टिक तापणार नाही इतपत. बोर्डाला वारा लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरला. मग प्लग लावून बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात चालू. बोर्ड तसाच गार, फक्त एसएमपीएस कोमट.

कारण सरळ आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो, वर्षानुवर्षं तापून तो वाळत जातो आणि कपॅसिटरचा आतला रोध वाढतो. गार असताना रोध आणखी जास्त, तापला की कमी. स्टँडबायचा भाग मशीन बंद असतानाही तापत राहतो म्हणून तो बाकीच्यांच्या आधी म्हातारा होतो. थंडीच्या दिवसांत हे दुखणं वर का आलं तेही यातून कळतं.

२० ते २२ जानेवारी

पुरावा पक्का करायला मित्राकडून चालता एसएमपीएस आणला. तो मॉड्युलर आहे, म्हणजे केबल त्याच्यापासून सुट्या होतात, म्हणून त्याच्या केबलसकट आणला. हे नीट वाचा : मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल एकमेकांत बदलायच्या नाहीत. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना ठरलेली नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असू शकते. कनेक्टर बसतो, आणि ५ च्या जागी १२ जाऊन डिस्क कायमची जाते.

२० च्या रात्री तो लावला, भिंतीवरचं बटण बंद. २१ ला सकाळी लगेच चालू, जांभळी ५.०५, बटण दाबताना ५.०३. रात्री जुना परत लावला. बहीण म्हणाली, “चालतंय ना आता, मग परत कशाला काढतोस?” पण हे करायलाच हवं, सगळ्या केबल काढून लावल्यामुळे सुधारलं की एसएमपीएसमुळे हे त्याशिवाय कळत नाही, आणि १३ तारखेचा अनुभव ताजा होता. २२ ला सकाळी जुन्यावर लूप. आता मन निश्चिंत झालं.

२५ जानेवारी

नवा एसएमपीएस बसवला, ५५० वॅटचा, नावाजलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. वॅट वाढवायची खरं तर गरज नव्हती, प्रोसेसर ६५ वॅटचा आणि ग्राफिक्स कार्ड १२० चं, बाकी सगळं धरूनही निम्म्याच्या आसपास. घेताना १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात ते लेबलवर बघा. एकूण वॅटचा आकडा मोठा आणि १२ व्होल्टचा वाटा लहान असेल तर तो घेऊ नका, आजच्या मशीनचा जवळपास सगळा भार १२ वरच असतो.

बसवताना ८ पिनांची प्रोसेसरची केबल कूलरच्या मागून न्यायला सगळ्यात जास्त वेळ गेला, ती बोर्ड घट्ट करायच्या आधीच ओढून घ्यायला हवी. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल वेगळी, दिसायला सारखी पण पिनांचे आकार वेगळे, जबरदस्तीने घालू नका. एक्सएमपी परत चालू केला.

विंडोजमधलं चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधणारा प्रोग्राम) दोन्ही डिस्कवर चालवलं. एसएसडीवर काही नाही, हार्ड डिस्कवर फाइल सिस्टिमच्या थोड्या चुका निघाल्या आणि दुरुस्त झाल्या. दोन क्लिप उघडत नव्हत्या, त्या ६ तारखेच्या बॅकअपमधून परत घेतल्या.

एकूण खर्च नवा एसएमपीएस आणि एक सेल. मल्टिमीटर घरात होताच, नसेल तर आधी तो घ्या, एसएमपीएसच्या किमतीपुढे काहीच नाही. बोर्ड बदलून बघ, रॅम बदलून बघ असं करत गेलो असतो तर दोन्हींचे पैसे जाऊनही सकाळी तेच दिसलं असतं.

१० फेब्रुवारी

मधले सगळे दिवस रात्री भिंतीवरचं बटण बंद ठेवूनच मशीन वापरलं, एकदाही अडलं नाही. आज सकाळी गार असताना परत टाचणी लावून मोजलं. जांभळी ५.०४, बटण दाबल्यावर ५.०२. करडी एकदा वर गेली ती तिथेच राहिली. पिवळी १२.०८, रेंडर लावल्यावर १२.०३. हे आकडे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलेत, काही वर्षांनी परत शंका आली तर ताडून बघायला होतील.

जुना एसएमपीएस ई-कचऱ्यात द्यायला काढलाय. दुपारी कुणी लावून बघितला तर तो अगदी ठणठणीत वाटेल आणि दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये जाईल, म्हणून त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘स्टँडबाय खराब, गार असताना चालू होत नाही, वापरू नये’, आणि प्लगची केबल वेगळी काढून ठेवली.